दवनापान नाव घेत नाही

सेक्टर एक, भिलाई
एप्रिल १९६१

प्रिय नलू,

तुझं पत्र परवा मिळालं. हिरालालदादाने ड्युटीवरून येताना आणलं आणि माझ्यापुढे टाकून म्हणाला, घे, तुझी नागपूरची वकीलीण काय म्हणते ते बघ. पाकीट जाड होतं म्हणून शालूवहिनीला वाटलं तू फोटो पाठवले असशील. फोटो नाहीत म्हटल्यावर ती हिरमुसली. मी पत्र वाचलं, परत वाचलं, घडी करून ठेवलं आणि पोळ्या लाटायला बसले. एवढी धावपळ तू केलीस, मंडळाच्या लोकांच्या मागे लागलीस, माझी फाइल पुन्हा उघडायला लावलीस, आणि मला आनंद झाला नाही गं. याचीच भीती वाटली. माणूस इतकं कोरडं होतं का? म्हणून लगेच उत्तराला बसले नाही. आता बसलेच आहे तर सगळं लिहिते. वसतिगृहातल्या बाईंनी रागावून रागावून शिकवलेली शुद्ध भाषा जिथे सुटेल तिथे सुटू देते. मले-तुले आलं तर हसू नको, तूही गोंदियाचीच आहेस.

इथली खबर काय सांगू. सकाळी कारखान्याचा भोंगा होतो, दादा डबा घेऊन सायकलवर निघतो, पोरं शाळेत जातात. मी अंघोळ करते, वेणी घालते, इस्त्रीचं पातळ नेसते आणि बसते. कुठे जायचं नसतं. सवय जात नाही. सुरुवातीला वहिनी काही बोलली नाही, मग एक दिवस म्हणाली, "एवढं नेसून-सवरून कोणाची वाट पाहून राहिल्या बाई?" तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, ती तशी भोळीच. पण मी आतल्या खोलीत गव्हाच्या पोत्यावर बसून हुंदके देऊन रडले. नवरा गेला तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, खरं सांगते. नवरा गेला तेव्हा बाबा होते, शाळा होती, पुढे काहीतरी होतं. आता पुढे पाहिलं की नुसती भिंत दिसते.

तुला तर माहीत आहे आपल्या मंडळाच्या यादीतून नाव जाणं म्हणजे काय. भिलाईपासून तुमसरपर्यंत जिथे जिथे मजुरांच्या बायांसाठी सेंटर आहे, पाळणाघर आहे, बाळंतपणाची खोली आहे, तिथे मंडळाने पात्र ठरवलेलीच समाजसेविका लागते. ते बरोबरच आहे म्हणा. उद्या कोणीही उठेल आणि गरीब बाईच्या झोपडीत शिरून तिची बाई होऊन बसेल, तसं चालत नाही. चौकशी पाहिजे, कायदा पाहिजे, मी आजही तेच म्हणते. दादा मंडळाला शिव्या देतो तेव्हा मीच त्याला गप्प करते. माझ्यावरच ती वेळ आली म्हणून कायदा खोटा झाला का? पण अपात्र हा शब्द टाइप करून आला ना, नलू, तेव्हा तो मी कितीदा तरी वाचला, जणू काही वाचता वाचता तो बदलेल.

आपल्याला शिकवणाऱ्या बाईंची तू नक्कल करायचीस, आठवतं? चष्मा नाकावर आणून, बोट नाचवून: सेवा घेणाऱ्या बाईशी नातं जोडायचं नाही, तिचं देणं-घेणं ठेवायचं नाही, तिच्या चुलीपाशी बसायचं नाही. पूर्ण खोली पोट धरून हसायची. मी मात्र ते वाक्य पाठ केलं होतं आणि इथे आल्यावर बरेच महिने पाळलंही. पाळणं सोपंच होतं. कारण झोपड्यांच्या ओळीत भंडारा-बालाघाटकडच्या ज्या शेतकरी बाया कामाला आल्या होत्या, त्या पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारून मोकळ्या झाल्या. आडनाव कळलं, बाबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतल्याचं कळलं, आणि माझ्यासाठी कोणाच्याच चुलीपाशी जागा नव्हती. आजारी पोराला औषध घ्यायला माझ्याकडे यायच्या, पण बाटली मी खाली ठेवायची आणि त्यांनी उचलायची. सेंटरवर माझ्या सोबतची कमलिनी जबलपूरच्या चांगल्या घरची, तिला चहा मिळायचा. मी चिडत नव्हते. म्हणजे चिडत होते, पण दाखवत नव्हते.

अशातच ती भेटली. इथलीच, छत्तीसगढी, शिवनाथ नदीकाठच्या गावची. घरची शेती कारखान्याच्या जमिनीत गेली, म्हणून नवरा-बायको दोघं ठेकेदाराकडे आलेले. नवरा दल्लीकडे खाणीत लागला, महिन्यातून एखादा दिवस येणार. ही इथे रेजा, डोक्यावरून गिट्टी नि सिमेंटचा मसाला वाहायची. हातावर गोंदलेलं, नाकात फुली, आणि तोंडाने अशी फटकळ की ठेकेदाराचा मुनीमजी सुद्धा तिच्या वाटेला जायचा नाही. एकदा भरदुपारी मी झोपड्यांत फिरत होते, पाणी संपलेलं, तोंड सुकलेलं. मराठी बाया दारात उभ्या राहून मला पाहून राहिल्या होत्या आणि कोणी विचारत नव्हतं. या बाईने हाताला धरून मला आत ओढलं, बासीने भरलेला गंज पुढे ठेवला, बासी म्हणजे आपला रात्रीचा भिजवलेला भात, वर कांदा आणि मीठ, आणि म्हणाली खा. मी नियम सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, आधी खा, मग बोल. नलू, त्या भाताची चव मी कशी सांगू तुला. आणि झालं. चुलीपाशी बसले ती बसलेच.

पुढे चैतात तिने मला विचारलं, माझी दवनापान होशील का. तुला माहीत नसेल, इकडे मैत्री नुसती तोंडाची नसते, ती लग्नासारखी बांधतात. कोणी गंगाजल होतं, कोणी महापरसाद होतं, ज्या वस्तूने बांधली त्या वस्तूचंच नाव. चार माणसं बसतात, दोघी एकमेकींच्या कानावर ते पान-फूल खोचतात, नवं लुगडं बदलतात, आणि मग ते नातं रक्ताच्या नात्याहून वरचढ. जात आड येत नाही. एकीची पोरं दुसरीची पोरं, आईच्या मितानिनीला, म्हणजे अशा बांधलेल्या मैत्रिणीला, पोर फूलदाई म्हणतं. एक मेली तर दुसरी सुतक धरते. मी म्हटलं, अगं बाई, मी बौद्ध, गंगेचं पाणी मला चालायचं नाही. ती म्हणाली, पाणी नको तर पान घे, पानाला कुठे धर्म असतो. तिच्या दाराशी दवण्याचं रोप होतं, त्याचीच डहाळी तोडली. नारळ फोडला नाही, गूळ-चणे वाटले. तिचे लोक "सीताराम दवनापान" म्हणून भेटतात, मी "जयभीम दवनापान" म्हटलं, आणि तीही बिनदिक्कत तसंच म्हणाली. दादा ऐकून वैतागला होता. नंतर तिने पाठवलेली करंजी, इकडे कुसली म्हणतात, ती सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ली.

आणि एक. दवनापान झाल्यावर एकमेकींचं नाव घेत नाहीत. कधीच नाही. रागात नाही, मस्करीत नाही, दुसऱ्याजवळ सुद्धा नाही. नवऱ्याचं नाव आपल्याकडे जुन्या बाया घेत नव्हत्या, पण तो मान होता, किंवा धाक. हे तसं नाही. नाव घेतलं की ती बाई परकी झाली, कोणीतरी नावाची कोणीतरी झाली, असं हे लोक मानतात. नाव घेतलं म्हणजे बांधलेलं सोडलं. म्हणून मीही तिचं नाव घेत नाही, या पत्रातही तुला ते सापडायचं नाही. फाइलमध्ये असेल, तिथे वाच.

मागच्या वर्षी ती पोटुशी राहिली. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, आधीची दोन गेलेली. मी तिच्याहून खूश. दुपटी शिवून ठेवली, वहिनीकडून जुनं मऊ लुगडं मागून आणलं. पोटातल्या पोराशी ती बोलायची, तुझी फूलदाई शिकलेली आहे, तुला पाटी घेऊन देईल. ठेकेदाराचा मुनीम मात्र तिला हलकं काम देईना. दिवस भरत आले तरी डोक्यावर घमेलं. मी त्याला सांगितलं, विनवलं, शेवटी मंडळामार्फत वर तक्रार केली. त्याला वरून चार शब्द ऐकावे लागले, आणि तेव्हापासून तो मला पाहिलं की पचकन थुंकायचा. काम मात्र तिला तेच राहिलं. कागदावर बदललं फक्त.

त्या दुपारी सेंटरवर माझी पाळी होती. कमलिनी झोपड्यांकडे फेरी मारून येते म्हणून सकाळीच गेलेली. भर उन्हात एक पोरगी धावत आली, म्हणाली, तुमची दवनापान कामावरून परत आली आणि झोपडीत पडली आहे. मी सेंटरला कुलूप घातलं आणि पळाले. हाच माझा गुन्हा बघ, कुलूप घातलं. ओळीत कोणी नव्हतं, सगळ्या बाया कामावर. मी तिला पाहिलं, आणि इतकं रक्त. मुनीमजीच्या तंबूपर्यंत धावले, डोक्यावरून पदर घेतलेला, घामाने चिंब, म्हटलं ट्रक द्या, दवाखान्यात न्यायचं आहे. तो म्हणाला साहेब आल्याशिवाय ट्रक हलत नाही. मी पाय धरले त्याचे. मी, नलू, जिने कोणापुढे मान वाकवायची नाही असं बाबांनी लहानपणापासून शिकवलं. तरी नाही. परत आले तोवर पोर बाहेर येत होतं. मुलगी झाली. आपल्याला शिकवलं होतं ते सगळं मी केलं, नाळ, श्वास, उलटं धरणं, पाठ चोळणं. ती थोडी रडली. मग रडायची थांबली, आणि मी चोळतच राहिले, शेवटी दवनापाननेच माझा हात धरला. म्हणाली, राहू दे आता. संध्याकाळी तळ्यापलीकडे पळसाखाली मीच तिला पुरलं, माझ्या हाताने खड्डा केला. आई उठू शकत नव्हती, बाप दल्लीला. तिसरी व्यक्ती होतीच कोण? फूलदाईच.

आणि नेमकं त्याच दुपारी मंडळाच्या तपासणीच्या बाई न सांगता आल्या आणि सेंटरला कुलूप पाहून गेल्या. मागोमाग मुनीमचं पत्र पोचलं: समाजसेविका पाळीच्या वेळी दुर्गला त्यांच्या समाजाच्या सभेला गेलेली होती, मजूर बाईला कोणी वाली नव्हता, मूल दगावलं. बघ कसं नेमकं मारलं. त्यांच्या समाजाच्या सभेला. असं लिहिलं की कोणालाही पटतं, पुरावा मागायची गरजच वाटत नाही. मला कामावरून दूर ठेवलं, चौकशी होईपर्यंत. कमलिनीला विचारलं तर तिने खरं तेच सांगितलं, की मी झोपड्यांकडे फेरीला गेले होते, भागीरथाबाई कुठे होत्या ते मला माहीत नाही. खोटं काहीच बोलली नाही ती. त्या ओळीत ती सकाळी जाऊन आली आणि नंतर आपल्या मावशीकडे जाऊन झोपली, एवढं मात्र बोलली नाही, आणि बाळंतपण तू केलंस का हे तिला कोणी विचारलंही नाही. तिचा राग करून मी दमले आता. तिलाही नोकरी प्यारी होती. मुनीम म्हणाला, एक बाई ट्रक मागायला आली होती खरी, पण डोक्यावर पदर होता, कोणती ते ओळखलं नाही. म्हणजे सगळा गुंता एवढाच उरला: त्या झोपडीत जी सेंटरची बाई होती ती मी की कमलिनी. मी असले तर माझ्यावर डाग नाही. कमलिनी असली तर मी पळपुटी. मला बोलवायला आलेली पोरगी आईबापांसोबत दुसरीकडे कामाला निघून गेली होती, ओळीतल्या बाया मुनीमच्या धाकाने बोलायच्या नाहीत. म्हणजे हे सांगू शकणारं माणूस जगात एकच.

मी तर निर्धास्त होते गं. वहिनीला म्हटलं, उद्या संध्याकाळी कुसली करा, मी कामावर परत चालले.

चौकशी समितीतले तिघंही चांगली माणसं होती, म्हणून जास्त जीव जळतो. कोणी लाच खाल्ली असती, कोणी जातीवरून बोललं असतं, तर मी ओरडून गाव गोळा केला असता. अध्यक्ष मारोतराव, निवृत्त जज्ज, शांत, समोरच्याला पूर्ण बोलू देणारे. एक डॉक्टर. एक वयस्क बाई, डोळ्यांत माया असलेल्या. मला विचारलं, मी सगळं सांगितलं. ट्रक, नाळ, पळस, सगळं. फक्त दवनापान आहोत हे सांगितलं नाही, कारण नियमात बसत नव्हतं आणि विचारलं कोणी नव्हतं. मग तिला आत बोलावलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. बरोबरच केलं. ज्या बाईवर आरोप तिच्यासमोर गरिबाने कसं बोलावं, दडपण येतं. आत भाषा समजावायला दुर्गचा तेजराम शिपाई होता. आत काय झालं ते मला त्यानेच कितीतरी दिवसांनी सांगितलं, बिडी विझवून, माझ्याकडे न बघता.

तिला विचारलं, त्या दिवशी तुझ्याजवळ कोण होतं. ती म्हणाली, "सेंटर के बाई रिहिस." सेंटरची बाई होती. बाईसदस्यांनी विचारलं, सेंटरला बाया दोन आहेत, कोणती? नाव सांग. पुन्हा विचारलं. म्हणाली, "मोर दवनापान." माझी दवनापान. तेजरामला विचारलं याचा अर्थ काय, त्याने सांगितलं, इनकी सहेली. डॉक्टर म्हणाले, आधी सेंटरची बाई म्हणते, आता मैत्रीण म्हणते, नक्की काय? तेजरामला कळलं होतं. तो म्हणाला, साहब, ये लोग नाम नहीं लेते. मारोतराव त्याला शांतपणे म्हणाले, तुम्ही फक्त ती बोलते तेवढंच सांगा, आपल्या पदरचं घालू नका. मग बाई म्हणाल्या, आपण दोन्ही नावं घेऊ का, ती मान हलवेल. मारोतराव म्हणाले, नाही, साक्षीदाराच्या तोंडात नाव घालायचं नाही, ते अन्यायाचं होईल, तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. हे ऐकून मला हसू आलं, नलू, त्या तेजरामसमोर वेड्यासारखी हसले मी. किती न्यायाने वागली माणसं! शेवटी त्यांनी तिला खूप गोडीने सांगितलं की घाबरू नको, ती बाई तुला काही करणार नाही, नाव घे. आणि ती लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. तिला वाटलं, आपण दवनापान म्हटलं म्हणजे सगळं म्हटलं. यापेक्षा मोठी साक्ष तिच्या लेखी नव्हतीच. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे पाहून हसली, जयभीम दवनापान म्हणाली, जणू काही मला सोडवूनच आली.

निकालात लिहिलं: साक्षीदार बाईची मैत्रीण तिच्याजवळ होती असं दिसतं, समाजसेविका हजर असल्याचं सिद्ध होत नाही, उलट साक्षीदार दडपणाखाली वाटली. दडपण कोणाचं, तर माझं. तेजरामकडून खरं कळल्यावर मी अर्ज केला, या वेळी दवनापान म्हणजे काय तेही लिहिलं, रीत, पान, सगळं. उत्तर काय यावं? सेवा घेणाऱ्या बाईशी असं खासगी नातं जोडणं हीच गंभीर बाब आहे. म्हणजे आधी मी तिच्याजवळ नव्हते म्हणून अपात्र, आणि आता फार जवळ होते म्हणून अपात्र. दादा म्हणाला, कावून डोकं फोडून राहिली, यांच्या दाराला हँडलच नाही. मी त्यानंतर अर्ज केला नाही.

मग तुझं पत्र. तू सगळ्यांना भेटलीस, मारोतरावांच्या घरी जाऊन बसलीस, त्यांच्याकडून हे मिळवलंस: साक्षीदार बाई समितीसमोर येऊन एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने माझं नाव घेईल तर निकाल फिरवू, नात्याची बाब समज देऊन सोडू. त्यांनी मनापासून कबूल केलं असणार, मला शंका नाही. तू लिहिलंस, मी पुढच्या आठवड्यात येते, मी तिला समजावते, एक शब्द तर आहे. पत्र आल्यावर काय झालं ते सांगते. मी ते वहिनीला सांगितलं आणि वहिनी बोलून गेली. बाजारात ती दवनापानला भेटली आणि सगळं सांगून बसली, की तू नाव घेतलं तर आमच्या बाईची नोकरी परत येते. काल सकाळी ती दारात उभी. कामाचा दिवस बुडवून आली होती. या वर्षात किती उतरली आहे ती, गाल आत गेलेत. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि मान खाली घालून म्हणाली, "मैं नांव ले देहूं, दवनापान." मी नाव घेईन. मी म्हटलं, मग आपलं काय? ती म्हणाली, आपलं संपेल, पण तुझं पोट चालेल. मग तिने सराव करून बघितला, नलू. माझ्यासमोर. ओठ उघडले, पहिलं अक्षर आलं असेल नसेल, आणि तिचा चेहरा असा झाला जसा त्या दुपारी पोर रडायचं थांबलं तेव्हा झाला होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. वहिनी आतून आली आणि आम्हाला बघून परत गेली.

नलू, हे एवढं सगळं लिहिलं ते यासाठी की तू येऊ नको. तिकीट काढलं असशील तर परत कर. ती येईल समितीसमोर, ती नाव घेईल, कबूल केलंय तिने, म्हणून तर जास्त सांगते. ज्या दिवशी ती माझं नाव घेईल त्या दिवशी मारोतराव लिहून देतील की भागीरथा नावाची समाजसेविका त्या दुपारी केसजवळ हजर होती. मग मी कामावर हजर, आणि ती पोरगी मंडळाच्या वहीतली नुसती एक केस. मले ते नाही पाहिजे. पळसाखाली जिला ठेवून आले ती माझी होती, जगात तेवढीच एक माझी झाली होती, तीही घटकाभर, आणि तिच्या आईने माझं नाव घेतलं की तीही माझी राहत नाही. मी मोठ्या मनाची झाले म्हणून हे सांगून राहिली असं समजू नको. रोज सकाळी भोंगा वाजतो आणि रोज मला पस्तावा होतो, उद्याही होईल, कदाचित हे पत्र पेटीत टाकून परत येतानाच होईल. वहिनीच्या संसारात मी किती दिवस पुरी पडेन ते मला माहीत नाही, आणि पुढे काय करेन तेही नाही. पण सुनावणी तू थांबव. मंडळाला अर्ज लागेल, माझ्याकडून. तो लिहायला माझा हात उठत नाही, अपात्र हा शब्द मला स्वतःच्या अक्षरात लिहवत नाही. सोबत एक कोरा कागद आहे, खाली माझी सही केली आहे. वर काय लिहायचं ते तुला माहीत आहे.

होती तशी तुझीच,
भागीरथा